गाडी तापते कधी, ते आधी बघा

जुनी पद्मिनी किंवा अँबेसेडर तापायला लागली, की पहिला सल्ला मिळतो थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप) काढून टाकण्याचा आणि दुसरा रेडिएटर बदलण्याचा. पण पान्याला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. गाडी तापते कधी? नाशिकच्या द्वारका चौकात अडकल्यावर, की कसारा घाट चढताना?

चौकात उभ्या गाडीला वारा मिळतो तो फक्त पंख्याचा. या गाड्यांत पंखा फॅन बेल्टने इंजिनवरच फिरतो, त्यामुळे आयडलिंगला तोही मंद असतो. बेल्ट सैल असला की तापमानाचा काटा वर जातो आणि गाडी पळायला लागली की खाली येतो. घाटात दोष बहुधा पाण्याच्या वाटेत निघतो: चोंदलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप, नाहीतर खालचा होजपाइप. (मागे पडलेलं इग्निशन टायमिंग, म्हणजे उशिरा पडणारी ठिणगी, हेही घाटातच त्रास देतं.) होजपाइपचा दोष हमखास नजरेतून सुटतो. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो; जुनं रबर गरम होऊन मऊ पडलं, की रेस वाढताच पाइप आत ओढला जाऊन चपटा होतो. इंजिन बंद करून बघायला जावं, तर पुन्हा गोल! म्हणून एकाने रेस द्यायची आणि दुसऱ्याने पंख्यापासून हात-कपडे लांब ठेवून त्या पाइपवर नजर ठेवायची.

काटा खरं बोलतोय का, तेही तपासावं. काही जुन्या गाड्यांत तापमानाचा आणि पेट्रोलचा काटा एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतो. तो बिघडला तर दोन्ही काटे वर चढलेले दिसतात. इन्फ्रारेड थर्मामीटर इथे उपयोगी पडतो, पण चकचकीत धातूवर धरला तर तापमान कमी दाखवतो, कारण असा पृष्ठभाग उष्णतेची किरणं फार कमी सोडतो. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. मग रेडिएटरच्या जाळीवरून सावकाश फिरवा. मध्येच एखादा पट्टा थंड लागला, तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतत राहिल्याचा हा परिणाम. तांब्याच्या तुलनेत क्षाराचा थर शेकडो पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट हाच त्यावर उपाय. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं आपल्या हवेतही तितकीच गरजेची आहेत.

आता थर्मोस्टॅट. त्यातलं मेण साधारण ८२ अंशांना वितळून फुगतं आणि झडप उघडते. पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून हे घरीच बघता येतं. थर्मोस्टॅट काढला तर पाणी रेडिएटरमधून इतकं जोरात जातं की थंड व्हायला वेळच मिळत नाही, असं सर्रास सांगतात. ते चुकीचं आहे. प्रवाह वाढला की रेडिएटर एकूण उष्णता जास्तच टाकतो. खरी अडचण अशी, की काही इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो नसला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरत राहतो.

रेडिएटरचं झाकण स्वस्त, म्हणून दुर्लक्षित. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाने ७ पीएसआय दाब धरला तर हा बिंदू ११० अंशांच्या जवळ जातो. स्प्रिंग थकली किंवा रबर फाटलं, की सगळं ठीक असलेलं इंजिनही घाटात उकळतं.

म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण कधीही उघडू नये. १०८ अंशांच्या पाण्यावरचा दाब एकदम गेला, तर दर लिटरमागे जेमतेम १९ ग्रॅम पाण्याची वाफ होते, पण ती ३० लिटरहून अधिक जागा मागते आणि उकळतं पाणी घेऊन तोंडावर येते. इंजिन बंद करून, हात लावता येईल इतकं निवेपर्यंत थांबायचं.

एवढं करून काही सापडलं नाही, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण (हेड) आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधल्या सीलवर. सकाळी थंड इंजिनाचं झाकण काढून गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या तोंडात बघा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात. ते थांबेनात आणि रेस दिल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. अशी गाडी घाटात नेऊ नका. आधी हेड उतरवून ते वाकलंय का, हे पट्टी लावून बघून घ्या.