पोटदुखीचे सोंग किती फ्रेमचे?

डिस्नी स्टुडिओच्या 1934 सालच्या 'द वाइज लिटल हेन' या व्यंगपटात कोंबडी मका पेरायला मदत मागायला येते आणि डुक्कर व बदक दोघेही पोट धरून कण्हू लागतात. क्षणभरापूर्वी बदक आपल्या नावेवर खलाशांचा नाच करत असते. विल्फ्रेड जॅक्सन यांनी दिग्दर्शित केलेल्या या जेमतेम साडेसात मिनिटांच्या चित्रपटातून डोनाल्ड डक पहिल्यांदा पडद्यावर आला. नाचापासून कण्हण्यापर्यंतचा बदल किती वेळात घडतो, यावर तिथले हसू अवलंबून आहे. हा वेळ चित्रे काढायला घेण्याआधीच कागदावर मोजून ठरवावा लागतो.

मोजायचे एकक म्हणजे फ्रेम, म्हणजे पडद्यावर झळकणारे एक स्थिर चित्र. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम सुमारे 42 मिलिसेकंदांची. पडद्यावर अचानक काही हलले तर डोळा तिकडे वळायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात. जवळजवळ 5 फ्रेम. आता बदकाने एकदम 3 फ्रेममध्ये पोट धरले, तर प्रेक्षकाची नजर पोहोचेपर्यंत कृती संपलेली असते. म्हणून आधी उलट दिशेची तयारी देतात: बदक किंचित वर ताणले जाते, मान मागे जाते. याला 6 ते 8 फ्रेम पुरतात. नजर बदकावर आली की 2-3 फ्रेममध्ये झटक्यात ओणवे, आणि मग ती मुद्रा 12 ते 16 फ्रेम रोखून ठेवायची, कारण सोंग ओळखायलाही प्रेक्षकाला वेळ लागतो. नवशिक्यांच्या कामात बहुतेक वेळा हा शेवटचा ठहराव कमी पडतो. चित्रे सुंदर असतात, पण हसू येत नाही.

या सगळ्यावर तालाची पकड असते. 1928 सालच्या पहिल्या बोलक्या मिकी माऊसपटाच्या वेळी जॅक्सन यांनीच मेट्रोनोमचा, म्हणजे लय दाखवणाऱ्या यंत्राचा, ठोका फ्रेमच्या हिशेबात बसवायला मदत केली होती. मिनिटाला 1440 फ्रेम होतात. 12 फ्रेमला एक ठोका धरला तर मिनिटाला 120 ठोके, 10 फ्रेमला 144, 8 फ्रेमला 180. ठोका पूर्ण फ्रेममध्येच बसवायचा, हे बंधन आहे. संगीतकाराला मिनिटाला 130 ठोके हवे असले, तर एका ठोक्याला 11.08 फ्रेम येतात. सरळ 11 धरले की दर ठोक्याला 0.08 फ्रेमची तूट पडते. पन्नास ठोक्यांनंतर पाऊल आणि ढोल चार फ्रेमने चुकतात आणि ते कुणालाही दिसते. त्यामुळे लय आधी फ्रेममध्ये ठरते, स्वर नंतर येतात. ही आखणी एक्स्पोजर शीट नावाच्या उभ्या तक्त्यावर होते: प्रत्येक ओळ एक फ्रेम, शेजारी ठोका, संवादाचा उच्चार आणि त्या फ्रेमला कोणते चित्र लावायचे त्याचा क्रमांक.

ताल आणि गुरुत्वाकर्षण यांचे जमते ते पाहण्यासारखे आहे. 6 फ्रेम म्हणजे पाव सेकंद, आणि पाव सेकंदात वस्तू सुमारे 31 सेंटिमीटर खाली पडते. 6 फ्रेम वर, 6 फ्रेम खाली अशी उडी धरली तर कोंबडीचे पिलू 31 सेंटिमीटर उडते आणि नेमके 120 च्या ठोक्यावर जमिनीला टेकते. पडताना समान वेळातली अंतरे 1 : 3 : 5 या प्रमाणात वाढतात. दर दोन फ्रेमला एक चित्र धरले तर पहिली घसरण 3.4, दुसरी 10.2 आणि तिसरी 17 सेंटिमीटरची. तिन्ही अंतरे सारखी ठेवली तर पिलू पडत नाही, दोरीने खाली सोडल्यासारखे उतरते. विनोदासाठी मात्र उडीच्या टोकाशी दोन-चार फ्रेम जास्त थांबवता येतात. डोळ्याला ते चालते, कारण तिथे खऱ्या उडीतही वेग शून्याजवळ असतो. तोच जादा वेळ जमिनीजवळ घातला तर खोटेपणा उघड होतो.

एक चित्र दोन फ्रेम दाखवण्याची ही सवय निम्मे काम वाचवते आणि संथ हालचालीत कळतही नाही. अडचण येते ती पार्श्वभूमी सरकत असताना. पार्श्वभूमी प्रत्येक फ्रेमला सरकते आणि चालणारी कोंबडी दर दोन फ्रेमला, मग पाय जमिनीवर थरथरत घसरतात. अशा वेळी प्रत्येक फ्रेमला वेगळे चित्र काढण्याला पर्याय नाही.

कोंबडीचे चालणे तर शिकण्याजोगेच आहे. तिचे डोके पुढेमागे हलते असे आपल्याला वाटते. खरे पाहता ते मागे येतच नाही. शरीर पुढे सरकत असताना डोके हवेत एका जागी स्थिर राहते आणि मग झटक्यात पुढे जाते. स्थिर काळात डोळ्यासमोरचे दृश्य हलत नाही, त्यामुळे दाणा किंवा किडा नीट दिसतो. संशोधक बॅरी फ्रॉस्ट यांनी 1978 साली कबुतरांना सरकत्या पट्ट्यावर चालवले. आजूबाजूचे दृश्य जागच्या जागी राहिल्यामुळे डोके हलणे थांबले. म्हणजे या हालचालीची सूत्रे दृष्टीकडे आहेत. चित्रात 8 फ्रेमच्या पावलात 5 फ्रेम डोके जागेवर आणि 3 फ्रेम झेप, असे वाटप केले की कोंबडी खरी वाटते. डोके सतत झुलवले तर ते खेळणे होते. बदकाची गोष्ट निराळी. त्याचे पाय आखूड आणि एकमेकांपासून दूर, त्यामुळे प्रत्येक पावलाला सगळे वजन टेकलेल्या पायावर कलते. कललेल्या बाजूचा खांदा खाली आणि शेपूट विरुद्ध दिशेला, तेही दोन फ्रेम उशिरा.

डुकराच्या पोटाला आकारमानाचा नियम लागतो. बसल्यावर पोटाची उंची 70 टक्के झाली तर रुंदी साधारण 20 टक्क्यांनी वाढायला हवी. फक्त दाबले आणि रुंदावले नाही, तर डुकरातली हवा गेल्यासारखी दिसते.

बदकाचा आवाज क्लॅरेन्स नॅश यांचा. या प्रकारात कंठाचा उपयोग होत नाही. गाल आणि वरचा जबडा यांच्यामध्ये हवा साठवून ती फटीतून दाबत बाहेर काढली की तिथली ऊती थरथरते आणि कर्कश आवाज निघतो. साठा इवलासा, म्हणून वाक्ये तुटक येतात. व्यंजनेही पुसट होतात. चोचीचे मोजके आकार त्यामुळे पुरेसे ठरतात.

मग रंग. चित्रे नायट्रोसेल्युलोजच्या पारदर्शक पत्र्यांवर, पुढून शाई आणि मागून रंग अशी उतरवत. हा पत्रा पूर्ण पारदर्शक नसतो. एक थर वाढला की खालचा रंग थोडा मंद आणि पिवळट दिसतो. कोंबडीवर मध्येच पिलांचा थर चढला तर तिचा पांढरा रंग एका फ्रेममध्ये उडी मारतो. यावर उपाय दोन: दृश्यभर कोरे पत्रे घालून थरांची संख्या कायम ठेवणे, किंवा खालच्या थरासाठी किंचित उजळ रंग वेगळा घोटणे. टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या तंत्राच्या व्यंगपट पद्धतीत प्रत्येक फ्रेम लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून एकाच कृष्णधवल पट्टीवर लागोपाठ तीनदा टिपली जाई. साडेसात मिनिटांच्या 10,800 फ्रेमसाठी 32,400 वेळा शटर उघडायचे. तीनपैकी एका वेळेसच धूळ बसली, तर पडद्यावर रंगीत ठिपका उमटे.

घरी हे तपासायचे असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये चित्रपट थांबवून 'ई' कळ दाबत राहा. एकेक फ्रेम पुढे जाते. मोजण्यापूर्वी प्रत कोणती आहे ते पाहा. आपल्याकडे दूरदर्शनवर सेकंदाला 25 फ्रेम चालतात, त्यासाठी केलेल्या प्रतीत साडेसात मिनिटांचा चित्रपट 7 मिनिटे 12 सेकंदांत संपतो आणि 120 चा ठोका 125 होतो. तरी फ्रेमची संख्या तीच राहते, म्हणून मोजणी बिघडत नाही. सेकंदाला 30 फ्रेमच्या प्रतीत मात्र दर चार मूळ फ्रेममागे एक जादा फ्रेम घातलेली असते, बहुधा पुनरावृत्ती किंवा दोन चित्रांची सरमिसळ. दर पाचात ती कोणती हे आधी शोधा, ती वगळा आणि मग नाचापासून पोट धरण्यापर्यंतच्या फ्रेम मोजा.