सुवार्तेचं पत्रक छापायला देण्याआधी

पाळकसाहेब, मंडळीचे पंच आणि तरुण संघाचे कार्यकर्ते यांना प्रभूच्या नावात सलाम.

नाताळ आणि पुनरुत्थानाचा सण जवळ आला की सोलापुरातल्या आमच्या छापखान्यात पत्रकं आणि फ्लेक्सची गर्दी होते. "जरा हटके करा", "माणूस थबकला पाहिजे" असं आता जवळपास प्रत्येक तरुण संघ सांगतो. मागणी रास्त आहे. पण काही मजकूर आम्ही परत करतो आणि काउंटरवर घाईत त्याचं कारण नीट सांगता येत नाही. ते इथे लिहितो आहोत.

आधी आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मंडळीसाठी आम्ही लाईट बिलासारखं दिसणारं पत्रक छापलं. वर लाल अक्षरांत "अंतिम नोटीस", खाली थकबाकी, जोडणी तोडण्याची तारीख. घडी उघडली की आत मजकूर असा, की पापाचं देणं ख्रिस्ताने फेडलं आहे. कल्पना आम्हालाही आवडली होती. 2,000 प्रती विडी घरकुल या विडी कामगारांच्या वस्तीत वाटल्या गेल्या. दोन दिवसांनी एक आजी ते पत्रक घेऊन दुकानात आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण लाल अक्षरं ओळखीची होती. शेजारणीकडून उसने पैसे घेऊन त्या बिल भरणा केंद्राच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. तिथे कुणीतरी पत्रकाच्या तळाचं आमचं नाव वाचून त्यांना इकडे पाठवलं. त्या रागावल्या नाहीत. "बाळा, आता लाईट जाणार नाही ना?" एवढंच विचारलं. देणं फिटल्याची बातमी सांगायला निघालेल्या कागदाने त्यांच्या डोक्यावर नवं देणं चढवलं होतं.

तेव्हापासून सरकारी नोटीस, कोर्टाचं समन्स, बँकेचं पत्र किंवा लॉटरीचं तिकीट वाटेल असं पत्रक आम्ही घेत नाही. पाचशेच्या नोटेसारखं पत्रक तर मुळीच नाही. चलनी नोटेशी साम्य असलेला कागद छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 182 खाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, दिवसभर विड्या वळून घरी निघालेल्या बाईला रस्त्यात नोट दिसावी, तिने वाकून उचलावी आणि हातात वचन यावं, यात त्या वचनाचाही मान राहत नाही.

याचा अर्थ पत्रक बेचव असावं असा नाही. बायबलमधल्या कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाने बोलण्यात मीठ असावं असंच म्हटलं आहे. मराठीत तर ही परंपरा जुनी आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सनी 1616 साली ख्रिस्ताची कथा छापली ती ओवीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि भजनाची चाल ख्रिस्ती उपासनेत रुजवली. त्या काळात हे धाडसच होतं. पण ओवी वाचणाऱ्याला कुणी फसवलं नव्हतं; ओळखीच्या वाटेने नवी गोष्ट त्याच्या घरी आली होती.

परदेशातली दोन उदाहरणं आम्ही तरुण संघांना नेहमी सांगतो. 1999 च्या ईस्टरला ब्रिटनमधल्या चर्चच्या जाहिरात गटाने येशूचा चेहरा क्रांतिकारक चे गव्हेराच्या प्रसिद्ध चित्राच्या धर्तीवर, लाल-काळ्या रंगात छापला. येशू म्हणजे नुसता मवाळ, गरीब स्वभावाचा, हा समज मोडणं हा हेतू होता. टीका झाली, पण धक्का चर्चच्या स्वतःच्या गुळगुळीत प्रतिमेला होता. डिसेंबर 2009 मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या एका अँग्लिकन चर्चने योसेफ आणि मरिया अंथरुणात असल्याचा फलक लावला. कुमारी-जन्माकडे शब्दशः पाहू नका, अशी चर्चा त्यांना घडवायची होती. काही तासांतच कुणीतरी त्यावर तपकिरी रंग फासला. चर्चा झाली ती फलकाची, आणि दुखावले गेले ते त्यांचेच विश्वासी बांधव. पहिल्यासारखं काम आम्ही आनंदाने करू, दुसऱ्यासारखं करणार नाही.

शेजाऱ्याच्या देवाबद्दल

इथे आम्ही अजिबात मागेपुढे होत नाही. दुसऱ्याच्या देवाची, संताची, पैगंबरांची तुलना किंवा टिंगल असलेली ओळ आली की ऑर्डर परत. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावल्या तर न्याय संहितेच्या कलम 299 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण आमचं खरं कारण बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या 19 व्या अध्यायात आहे. इफिसात पौलाच्या सोबत्यांविरुद्ध दंगल उसळली, तेव्हा त्यांच्या धर्माचा नसलेला नगराचा लेखक, म्हणजे तिथला अधिकारी, उभा राहिला आणि म्हणाला की या माणसांनी ना देऊळ लुटलं, ना आपल्या देवीची निंदा केली. तुमचं पत्रक वाचून सोलापुरातल्या शेजाऱ्याला तुमच्याबद्दल असंच म्हणता आलं पाहिजे. संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणून आमंत्रण हे आमंत्रणच असू द्या.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सातही नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावर सभेचा फ्लेक्स लावू नका. जागा मोक्याची वाटते, पण तो दिवस सिद्धेश्वरांच्या भक्तांचा आहे. एरवीही महापालिकेची परवानगी लागतेच.

चंगाई सभांचे फ्लेक्स

सगळ्यात जास्त वाद इथे होतो. "आजाऱ्यांसाठी प्रार्थना" हे आम्ही मोठ्या अक्षरांत छापू. "साखर, कॅन्सर, लकवा हमखास बरा" हे छापणार नाही. रिकामी चाकाची खुर्ची आणि शेजारी नाचणारा माणूस, असं चित्रही नाही. मंत्र-तंत्राने असे आजार बरे होतात अशा जाहिरातींना 1954 च्या औषधी व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. चमत्काराच्या नावाने फसवून पैसे कमावणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. आमची मोठी भीती मात्र वेगळी आहे. फ्लेक्स वाचून कुणी इन्सुलिन बंद केलं तर? म्हणून तळाशी "डॉक्टरांची औषधं चालू ठेवावीत" ही ओळ टाकायचा आग्रह आम्ही धरतो. प्रार्थनेवरचा विश्वास त्याने कमी होत नाही, असं आम्हाला मनापासून वाटतं.

मोफत रेशन, शिलाई मशीन, वह्यावाटप असेल तर त्याचं पत्रक वेगळं काढा. त्यावर सभेची वेळ नको. मदत आणि आमंत्रण एका कागदावर आलं की मदतीची किंमत लावल्यासारखं दिसतं. साक्ष देणाऱ्याचा फोटो असेल तर त्याची लेखी संमती आणा. लहान मुलांचे फोटो शक्यतो टाळाच.

आपल्या शहरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू चालते. "सुवार्ता" हा शब्द तेलुगूतही तोच, कन्नडमध्ये "सुवार्ते". तिथे अडचण नाही. मराठीतली कोटी मात्र दुसऱ्या भाषेत जशीच्या तशी नेऊ नका. प्रत्येक भाषेचं प्रूफ ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाकडून तपासून आणा.

आणि एक विनंती. प्रूफवर सही करण्याआधी ते मंडळीबाहेरच्या दोघांना दाखवा: एक शेजारी आणि एक कमी शिकलेलं वयस्क माणूस. हा काय कागद आहे, एवढंच विचारा. उत्तर चुकलं तर मथळा बदलू, त्याचे वेगळे पैसे घेणार नाही. प्लेट निघाल्यावर बदल केला तर प्लेटचा खर्च पडेल. नाताळचा मजकूर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणलात तर या सगळ्याला वेळ मिळतो.