टुटू आखूड कसा झाला

बॅले म्हटलं की पायाच्या बोटांवर तोलून उभी असलेली मुलगी डोळ्यांसमोर येते आणि तिच्या कमरेभोवती ताटासारखा आडवा पसरलेला पांढरा घेर. हा घेर म्हणजे टुटू. बॅले साधारण साडेचारशे वर्षं जुना, पण हा ताटासारखा टुटू अगदी अलीकडचा. त्याआधीची कितीतरी वर्षं नर्तकीचे पाय कपड्यांतच हरवलेले होते. ते जसजसे अवघड कामं करू लागले, तसतसा घागरा वर सरकत गेला.

सुरुवात दरबारातली, त्यामुळे वेषही दरबारीच. १६५३ साली चौदा वर्षांचा राजा चौदावा लुई उगवत्या सूर्याच्या वेषात नाचला: जरीकाम, पिसं, किरणांचा मुकुट. रंगमंचावर स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच मुखवटे लावून करत. बालगंधर्वांची परंपरा माहीत असलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. १६८१ साली पॅरिसच्या ऑपेरात, म्हणजे तिथल्या मोठ्या संगीत-नृत्य नाट्यसंस्थेत, व्यावसायिक नर्तकी आल्या, पण अंगावर जड, जमिनीपर्यंतचे झगे आणि पायांत टाचेचे बूट. पुढे अठराव्या शतकात कमरेच्या दोन्ही बाजूंना टोपल्यांसारखे सांगाडे बांधून झगे फुगवायची फॅशन आली, तीही रंगमंचावर पोचली. त्या काळात पुरुष नर्तकसुद्धा मांड्यांपर्यंतचा, सांगाड्यावर ताठ उभा राहणारा आखूड घागरा घालत. म्हणजे ताठ आणि आखूड घागऱ्याचा मान आधी पुरुषांकडे जातो!

मारी कामार्गो १७२६ साली पॅरिसच्या ऑपेरात आली. उडी घेऊन हवेतच पाय एकमेकांवरून झरझर पलटवण्यात तिचा हात (खरं तर पाय) धरणारं कुणी नव्हतं. पण झगा जमिनीवर लोळत असेल तर हे दिसणार कुणाला? तिने झगा घोट्याच्या वर घेतला. चार बोटांचाच फरक, पण त्याची चर्चा झाली. तिची प्रतिस्पर्धी मारी साले हिने १७३४ साली लंडनमध्ये सांगाडा काढूनच टाकला आणि साध्या मलमलीत, मोकळ्या केसांनी नाचली. क्रांतीनंतर फ्रान्समध्ये ग्रीक धर्तीचे झिरझिरीत कपडे आले, सपाट बूट आले आणि पायांना घट्ट बसणारे विणलेले मोजेही आले. हे मोजे नसते तर पुढचा आखूडपणा समाजाने खपवून घेतला नसता.

टुटूचा खरा जन्म १८३२ सालचा. पॅरिसमध्ये ‘ला सिल्फीद’ हा बॅले रंगमंचावर आला तेव्हा मारी ताल्योनी वनपरी झाली होती. तिचा वेष चित्रकार यूजेन लामीच्या नावावर सांगतात: घट्ट चोळी आणि घंटेसारखा फुललेला, पोटरीपर्यंतचा, थरांचा पांढरा घागरा. ऑपेरात गॅसचे दिवे दहा वर्षांपूर्वीच आले होते. त्या फिकट उजेडात हे कापड धुक्यासारखं दिसे. त्यानंतर पांढऱ्या घागऱ्यांची लाटच आली.

पण पातळ सुती कापडाचे थर आणि उघड्या ज्योती ही जोडी जीवघेणी होती. १८४४ साली लंडनमध्ये क्लारा वेब्स्टर भर प्रयोगात भाजून गेली. फ्रान्समध्ये १८५९ साली रंगमंचावरचे कपडे अग्निरोधक द्रावणातून काढण्याचा हुकूम निघाला. नर्तकींना तो पटला नाही, कारण त्या द्रावणाने कापड कडक आणि मळकट होई. ताल्योनीची लाडकी शिष्या एमा लिव्रीने तर आपण नेहमीचाच घागरा घालणार, असं ऑपेराला लेखी कळवलं. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीच्या वेळी तिचा घागरा गॅसच्या ज्योतीला लागला. ती वीस वर्षांची होती. आठ महिने यातना सोसून ती गेली. दोनच वर्षांपूर्वी ताल्योनीने खास तिच्यासाठी बसवलेल्या बॅलेत ती फुलपाखरू झाली होती, मशालीवर पंख जळणारं. तिच्या त्या दिवशीच्या कपड्यांच्या जळक्या चिंध्या ऑपेराच्या संग्रहालयात आजही आहेत. तिला हट्टी म्हणणं सोपं आहे. पण तरंगताना दिसणं हाच जिचा धंदा, तिच्यापुढे निवड तरी कसली होती?

गुडघ्याच्या वरचा टप्पा इटालियन नर्तकींनी गाठला. व्हर्जिनिया झुक्की १८८५ साली सेंट पीटर्सबर्गला गेली आणि तिथला लांब घागरा आपण घालणार नाही, म्हणून अडून बसली. पिएरिना लेन्यानीने १८९५ च्या ‘स्वान लेक’मध्ये एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. असल्या कामाला मांडीपासून पाय मोकळा हवा. ‘टुटू’ हा शब्दही याच सुमाराला रुळला. तो बहुधा पार्श्वभागासाठीच्या फ्रेंच बालबोलीतल्या शब्दावरून आला. नाव ठेवणाऱ्यांची नजर कुठे होती ते कळतंच.

विसाव्या शतकात फोकीनसारख्या नृत्यदिग्दर्शकांनी टुटूला बाजूला सारून पाहिलं, पण तो गेला नाही, उलट आडवा झाला. थरांतून तारेची कडी ओवून तो ताट बनला. त्यात नवी अडचण अशी की जोडीदार जवळ आला की कड त्याला अडते आणि पलीकडची बाजू वर उचलली जाते. बार्बरा कारिन्स्काने १९५० साली नृत्यदिग्दर्शक बॅलनशाइनच्या नर्तकींसाठी कडी काढून आखूड, मऊ थरांचा टुटू शिवला, तो यावरचाच उपाय.

आतून पाहिलं तर टुटू म्हणजे एका चड्डीवर शिवलेले जाळीचे दहा-बारा थर. खालचा चार बोटांचा, वरचे क्रमाने लांब. ते एकमेकांत सैल टाक्यांनी अडकवतात, म्हणजे उडीत सगळे एकत्र हलतात. चोळीला मागे हुकांच्या दोन-दोन रांगा असतात, कारण एकच टुटू वर्षानुवर्षं वेगवेगळ्या मुलींच्या अंगावर जातो. आतल्या पट्टीवर एकीचं नाव, त्याखाली दुसरीचं. धुतला तर जाळी लोळागोळा होते. म्हणून प्रयोगानंतर तो उलटा करून ठेवतात, आणि घामाचा वास घालवायला चोळीच्या आतून व्होडका फवारतात.