पडत्या बाजारात एसआयपी थांबवावी का?

एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात ठरलेल्या तारखेला जाणारा ठरावीक हप्ता. ‘बाजार पडतोय तोवर एसआयपी बंद ठेवा, सावरला की पुन्हा सुरू करा’ हा सल्ला दर पडझडीत नव्याने फिरतो. ऐकायला शहाणपणाचा, हिशेबाला उलटा.

2020 चंच घ्या. निफ्टी 50 हा शेअर बाजाराचा निर्देशांक 14 जानेवारीला 12,362 वर बंद झाला होता, 23 मार्चला 7,610 वर. घसरण 38 टक्क्यांची. समजा, जानेवारीत फंडाचं युनिट 100 रुपयांना होतं आणि तेही निर्देशांकाइतकंच पडलं. 5,000 च्या हप्त्यात आधी 50 युनिटं यायची, आता 62 च्या भावाने 80 हून जास्त. थांबवणारा नेमका हाच हप्ता सोडतो. शिवाय ‘सावरला’ हे कळणार कधी? 9 नोव्हेंबरला निफ्टी 12,461 वर, जुन्या शिखराच्याही वर बंद झाला. बातम्या तेव्हाही कोरोनाच्याच होत्या, स्वस्ताई मात्र संपली होती.

हप्ता थांबवणं वेगळं, युनिटं विकणं वेगळं. बऱ्याच इक्विटी, म्हणजे शेअरमध्ये गुंतवणाऱ्या फंडांत वर्षाच्या आत विकलं की 1 टक्का एक्झिट लोड, म्हणजे बाहेर पडण्याचं शुल्क, बसतो, आणि हे वर्ष प्रत्येक हप्त्याचं स्वतंत्र मोजतात.

नोकरी गेली, हातात पैसेच नाहीत, तर खुशाल थांबवा. पण खातं रिकामं ठेवून हप्ता बाऊन्स होऊ देऊ नका, बँक दंड कापते. फंडात ‘पॉज’ची सोय असेल तर ती वापरा, विनंती हप्त्याच्या तारखेआधी काही दिवस द्यावी लागते. दोन वर्षांनी भरायची मुलीची फी मात्र मुळात इक्विटीत नकोच.