झाड कोरडं पडलं म्हणून इथेफॉन मागण्याआधी

(दोडामार्ग, सावंतवाडी आणि सत्तरी भागातल्या रबर बागायतदारांसाठी)

"पंधरा झाडांचा चीक बंद झालाय, इथेफॉनची बाटली द्या." पावसाळा सरला की ही मागणी सुरू होते. बाटली देण्याआधी आम्ही दुकानवाले चार प्रश्न विचारतो, त्याचा काहींना राग येतो. म्हणून हे पत्रक.

इथेफॉन हे कोरड्या झाडाचं औषध नव्हे. सालीत शिरल्यावर त्यातून इथिलीन वायू सुटतो, चीकवाहिन्यांची तोंडं उशिरा बुजतात आणि चीक जास्त वेळ वाहतो. कोरड्या पॅनलमध्ये (सालीच्या ज्या भागावर काप घेतात त्यात) तर चीक वाहिनीतच गोठलेला असतो. तिथे इथेफॉन लावणं म्हणजे बसलेल्या बैलाला पराणी टोचणं. बोर्डो पेस्टचंही (मोरचूद आणि चुन्याचा लेप) तेच. ती बुरशीने सडणाऱ्या सालीसाठी आहे. हा कोरडेपणा बुरशीचा नाही, झाडाच्या ताकदीबाहेर चीक काढल्याचा आहे.

आणि इथेच सगळ्यांची चूक होते. झाड एका दिवसात कोरडं पडत नाही, आधी ते जास्त चीक देतं! नेहमी दोन-तीन तासांत थांबणारी धार दुपारपर्यंत ठिबकत राहते, चीक पातळ होतो, मेट्रोलॅकवर (चिकात बुडवायचं मापक) डीआरसी, म्हणजे चिकातल्या सुक्या रबराचं प्रमाण, सतत ३० टक्क्यांच्या खाली दिसते. बागायतदार खूश, टॅपर (साल कापून चीक काढणारा) तोही खूश. खरं तर टॅपिंग थांबवायची वेळ तीच. पुढे कापावर मधेमधे कोरडे पट्टे येतात, साल आतून तपकिरी होते आणि मग आमच्या दुकानाची आठवण होते.

बाग आरआरआयआय १०५ या रबराच्या जातीची असेल तर जास्त जपा. उत्पन्नाला ही जात चांगली, पण कोरडी पडण्याची खोडही हिला जास्त. अर्ध्या घेराचा काप आणि दर तिसऱ्या दिवशी (मधे दोन दिवस सोडून) टॅपिंग, एवढंच तिला झेपतं. पावसाने बुडलेले दिवस भरून काढायला सलग चार दिवस कापलं, तर हिशेब पुढच्या हंगामात चुकता होतो.

पण आधी झाड खरंच कोरडं आहे का ते बघा. चीकवाहिन्या कँबियमच्या (साल आणि लाकूड यांमधला वाढीचा पातळ थर) जवळ दाट असतात. नवा टॅपर भीतीने उथळ कापत असेल तर झाड ठणठणीत असूनही वाटी रिकामी राहते. पानगळ होऊन नवी पालवी येते तेव्हाही चीक कमीच असतो. शंका असेल तर कापाखाली दर ५ सेंमीवर बारीक खिळ्याने हलकं टोचा, कँबियमला धक्का न लावता. चीक कुठे येतो, कुठे नाही, ते रंगाने खुणवा.

थोडाच भाग कोरडा असेल तर त्या झाडाला निदान तीन महिने विश्रांती द्या. पुन्हा टोचून पाहा, चीक आला तरच सुरू करा, तेही आधीपेक्षा कमी वेळा. पूर्वीच्याच वेगाने कापलं तर झाड पुन्हा बसतं. सगळा काप कोरडा असेल तर पलीकडच्या बाजूची साल टोचून तपासा आणि तिथे पॅनल उघडा. खात्रीने बरं करणारं लेपाचं औषध अजून कुणाकडेच नाही. कुणी विकायला आलं तर पैसे जपा.

मग इथेफॉन कुणासाठी? निरोगी झाडांवर टॅपिंगचे दिवस कमी करणाऱ्यांसाठी. आठवड्यातून एकदाच टॅपिंग असेल तर महिन्यातून एकदा २.५ टक्क्यांचं मिश्रण लावतात. आमची बाटली १० टक्क्यांची आहे: १०० मिली इथेफॉनमध्ये ३०० मिली पाम तेल, प्लास्टिकच्या भांड्यात, हातमोजे घालून. कापाच्या लगेच वर, नव्या सालीवर सुमारे दीड सेंमीचा पट्टा ब्रशने ओढा, टॅपिंगच्या दोन दिवस आधी. चुना किंवा बोर्डोच्या डब्यात कालवू नका, वायू डब्यातच उडून जातो. पाऊस अंगावर असताना, पानगळीत आणि कडक उन्हाळ्यात लावू नका.

रोज किंवा दिवसाआड टॅपिंग करणाऱ्यांना आम्ही बाटली देत नाही. गिऱ्हाईक परत जातं हे खरं, पण बाग उभी राहिली तर सुरी, वाट्या, रेनगार्ड (पावसात काप कोरडा ठेवणारं आच्छादन) घ्यायला ते परत येतं. येताना झाडांची संख्या, बागेचं वय आणि टॅपिंग कितव्या दिवशी होतं तेवढं लिहून आणा, म्हणजे लागेल तेवढंच मोजून देता येईल. मेट्रोलॅकही आमच्याकडे आहे. वापरायचा कसा ते काउंटरवरच दाखवतो.