पॅरासिटामॉलच्या एका गोळीत रेणू किती?

पॅरासिटामॉलच्या पाकिटावर ५०० मिलिग्रॅम असं छापलेलं असतं. हे वजन फक्त औषधाचं. गोळीला आकार देणारा स्टार्च वगैरे त्यात धरत नाहीत. पण शरीरातल्या रसायनक्रिया वजनावर चालत नाहीत. तिथे एका रेणूची गाठ दुसऱ्या रेणूशी पडते, म्हणून हिशोब नगांचा.

मग मिलिग्रॅमचे नग कसे करायचे? पॅरासिटामॉलच्या एका रेणूत कार्बनचे ८, हायड्रोजनचे ९, नायट्रोजनचा १ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. अणुवस्तुमानं अनुक्रमे १२, १, १४ आणि १६ धरली, तर ९६ + ९ + १४ + ३२ = १५१. हे झालं रेणुवस्तुमान. तेवढे ग्रॅम पॅरासिटामॉल घेतलं की त्यात एक मोल, म्हणजे ६.०२२ गुणिले १०चा २३वा घात इतके रेणू भरतात. हाच ॲव्होगॅड्रो अंक. खुद्द ॲव्होगॅड्रो या इटालियन शास्त्रज्ञाला तो ठाऊक नव्हता. तापमान आणि दाब सारखे असतील तर वायूंच्या समान आकारमानात रेणूही समान असतात, एवढंच त्याने १८११मध्ये मांडलं होतं. अंकाला त्याचं नाव दिलं ते ज्यां पेरां या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने, १९०९मध्ये. २०१९पासून तर हा आकडा व्याख्येनेच पक्का केलेला आहे.

आता ०.५ ग्रॅमला १५१ने भागा: ०.००३३ मोल. त्याला ॲव्होगॅड्रो अंकाने गुणलं की येतात सुमारे २ गुणिले १०चा २१वा घात, म्हणजे दोन कोटी कोटी कोटी रेणू. एका गोळीत!

यातल्या बहुतेकांची यकृत निर्धोक विल्हेवाट लावतं. थोड्या रेणूंपासून मात्र एक विषारी पदार्थ तयार होतो. त्याला ग्लुटाथायोन हा यकृतातलाच एक पदार्थ जखडतो आणि विषाच्या एका रेणूमागे ग्लुटाथायोनचा एक रेणू खर्ची पडतो. विषाचं रेणुवस्तुमान १४९, ग्लुटाथायोनचं ३०७. म्हणून एक ग्रॅम विषाला दोन ग्रॅमहून थोडं जास्तच ग्लुटाथायोन लागतं. नुसती वजनं पाहून या आकड्याचा अर्थ लागत नाही. रेणू मोजले की सरळ एकास एक.

गोळ्या प्रमाणाबाहेर पोटात गेल्या की ग्लुटाथायोनचा साठा आटतो आणि मोकळं राहिलेलं विष यकृताच्या पेशी मारू लागतं. पहिल्या दिवशी रुग्णाला अनेकदा फारसा त्रासही जाणवत नाही, हे मला यातलं सर्वांत भीतीदायक वाटतं. उतारा म्हणून डॉक्टर ॲसिटिलसिस्टीन देतात. त्यापासून यकृत नवं ग्लुटाथायोन घडवतं. पहिल्या आठ तासांत हे औषध सुरू झालं, तर यकृत बहुधा वाचतं.