उंच टाचेची पादत्राणे: घेण्याआधी आणि घातल्यावर

टाच मागून मोजून भागत नाही. पुढचा सोल जाड असेल तर त्याची जाडी वजा करा. मागे ९ सेंमी आणि चवड्याखाली ३ सेंमी असेल, तर पायाला उतार मिळतो ६ सेंमीचा. दिवसभर वापरायच्या जोडात हा उतार ३-४ सेंमीच्या आत ठेवा, असे आम्ही सांगतो. त्याहून उंच जोड समारंभापुरता.

उतारावर पाय पुढे घसरतो. वजन टाचेवरून चवड्यावर येते आणि बोटे निमुळत्या टोकात कोंबली जातात. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ हेच असते: चवड्याखाली जळजळ, घट्टे, बोटांवर कुरुपे, वाकडी होत जाणारी बोटे. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येण्याची प्रवृत्ती बऱ्याचदा घराण्यातच असते. अरुंद जोड ती वाढवतो. तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये खडा रुतल्यासारखे वाटून मुंग्या येत असतील, तर तिथली नस दाबली जात असण्याची शक्यता आहे. अशा वेळी आत जेल पॅड टाकून वेळ काढू नका. पॅडमुळे जागा आणखी कमी होते. जोडच रुंद हवा.

रुंद टाचेबद्दल एक गैरसमज आहे. तिने घोटा मुरगळण्याची भीती कमी होते हे खरे, पण गुडघ्यावर पडणारा जादा भार तसाच राहतो.

टाच रोज वर राहिली की पोटरीचे स्नायू आखडतात आणि टाचेमागची कंडरा ताठर होते. मग अनवाणी चालताना दुखते आणि ‘मला हिल्सच मानवतात’ असे वाटू लागते. बरीच वर्षे हिल्स घातल्या असतील तर एकदम सपाट चपलेवर येऊ नका. दर दोन-तीन आठवड्यांनी साधारण १ सेंमी उतरा. सोबत भिंतीला हात टेकून एक पाय मागे न्या, गुडघा सरळ आणि टाच जमिनीला चिकटलेली ठेवून ३० सेकंद थांबा. प्रत्येक पायाला तीनदा, रोज.

माप संध्याकाळी द्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची रेघ काढा आणि जोड त्यावर ठेवा. रेघ बाहेर डोकावली तर तो जोड तुमचा नाही, कितीही आवडला तरी. सैल जोडही नको, त्यात पाय अधिकच घसरतो. घोट्याला पट्टा असेल तर बरे. जोड हातात वाकवून पाहा: तो चवड्यापाशी वाकावा, मधोमध नव्हे.

टाच कापून द्या, अशी मागणी नेहमी येते. साधारण १ सेंमीपर्यंत जमते. त्यापुढे जोडाचा तोल बिघडतो आणि टोक वर उचलले जाते. टाचेखालचा रबरी तुकडा मात्र आतला खिळा दिसण्याआधीच बदलून घ्या. खिळा फरशीवर सटकतो.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर उंच टाच टाळाच. जखम झालेली कळत नाही. गरोदरपणातही नको. पाय मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, तर मलम चोळत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.